डाव्या कुशीचं कोकरू

बोलतेय ती मी, मेंढवाड्याच्या कोपऱ्यातली काळतोंडी. इकडेतिकडे बघू नका, मेंढीच बोलतेय. हसू येणारच तुम्हाला. माणसाला माणसाचा अपमान करायचा असला की पहिल्यांदा आमचीच आठवण होते. "मेंढरासारखे एकामागे एक चाललेत," असं म्हणता ना? चालतो खरे. पण पुढची कोण आहे ते वासावरून ओळखून मगच तिच्या मागे चालतो. तुम्ही तेवढं तरी बघता का?

आता माझे दात पडत आलेत, गुडघे धरतात, लोकर विरळ झालीय. सांगायचं ते आत्ताच सांगितलं पाहिजे, नाही तर माझ्याबरोबर जाईल. गोष्ट माझ्या मुलीची आहे. ती माझ्या पोटची आहे, पण माझ्या रक्ताची नाही. हे कसं, ते सांगते. घाई करू नका, रवंथ करत करत सांगायची आमची रीत आहे.

मी एका मेंढपाळिणीच्या कळपात जन्मले. आई पांढरी, मी तोंडाने काळी, म्हणून काळतोंडी. शिवी म्हणून नव्हे, ओळख म्हणून. माझी पहिली लोकर कापायची वेळ आली तेव्हा मेंढपाळिणीचे जावईबापू सासुरवाडीला आले होते. त्यांना कातरीचं भारी कौतुक. "मामी, त्यात काय अवघड आहे? द्या इकडे," असं म्हणून त्यांनी कातर हातात घेतली. ती घसरली आणि माझ्या उजव्या बाजूचा सड अर्धा उडाला. जावयाला कोण बोलणार? जावई जेवून निघून गेले, दुखणं माझ्याकडे राहिलं.

पुढे मी व्याले तेव्हा त्याचा त्रास कळला. कासेची उजवी बाजू कायमची हळवी झाली होती. कोकरू उजवीकडून लुचायला आलं की कळ थेट डोक्यात जायची. मग मी पुढचा उजवा पाय आडवा घालायची, नाकाने कोकराला शेपटीपाशी ढकलायची आणि मागून फिरवून डावीकडे आणायची. दोन-चारदा असं केलं की पोर शिकायचं. दोन वेतं मी एका बाजूवर वाढवली, आणि दोन्ही कोकरं गुटगुटीत झाली.

तरी एका सडाच्या मेंढीला कळपात किंमत नसते. एके दिवशी डोंगराच्या पायथ्याच्या संशोधन केंद्रातून एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना शांत, पोरं वाढवलेल्या मेंढ्या हव्या होत्या. त्यांनी बोट माझ्याकडे केलं तेव्हा मेंढपाळीणच ओशाळली.

"बाई, ही नको. एका बाजूने अधू आहे."

"माहीत आहे. पण हिनं एका बाजूवर दोन वेतं वाढवलीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला अशीच आई हवीय."

असं माझ्याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. मी मुकाट्याने गाडीत चढले.

केंद्रात डॉक्टरीणबाईंना सगळे ताई म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ तिथेच प्रयोगशाळेत कामाला होता, त्याचं ऐकून बाकीच्यांनीही तेच उचललं. भावाचं नाव थेंब्या पडलं होतं, कारण त्याचं सगळं काम थेंबांत चालायचं आणि बोलणंही थेंबांचंच. प्राण्याचं बीजांड केसाच्या टोकाएवढं असतं, ते थेंबात ठेवायचं. त्याला चिकटलेलं काही घातक असलं तर दुसऱ्या थेंबात धुवायचं, मग तिसऱ्यात. त्याच्या खोलीत अत्तर चालत नसे, साबणाचा वास चालत नसे. अत्तर लावून आलेल्या एका बड्या पाहुण्याला त्याने दारातूनच परत पाठवलं होतं. स्वच्छता हीच त्याची माया होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

केंद्राच्या मागे उभा कडा आहे. त्या कड्यावर रानमेंढ्या राहत. आमच्याच गोतावळ्यातल्या, पण अंगावर लोकर नाही, तपकिरी केस आणि मागे वळलेली शिंगं. पूर्वी कड्यावर त्यांचे कळप होते म्हणे. शिकार झाली, वणवे लागले, आमच्यासारख्या पाळीव जनावरांचे रोग वर गेले. शेवटी वर मोजके एडके उरले आणि एकच मादी. ताईचं सगळं लक्ष त्या मादीवर होतं.

एका सकाळी दरड कोसळली आणि ती मादी खाली आली. वनरक्षकाने तिला घोंगडीत गुंडाळून आणलं. अंग अजून गरम होतं, पण जीव गेला होता. ताई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. क्षणभर तिने नुसता हात ठेवला तिच्या मानेवर. मग म्हणाली, "थेंब्या, तयारी कर. हिच्यात अजून बीजं आहेत."

पुढचं मला कसं ठाऊक, असं विचाराल. अहो, माझ्या कुंपणासमोर उभं राहून ताईने इतक्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलंय की मला तोंडपाठ झालंय. मेलेल्या मादीच्या अंडाशयातून थेंब्याने सुईने बीजांडं काढली. ती कच्ची होती, म्हणून उबेच्या अंधाऱ्या पेटीत पिकवली. धुतली. एका रानएडक्याचं वीर्य आधीच अतिथंड टाकीत जपलेलं होतं, ते वितळवून त्यांच्यापाशी सोडलं. मग वाट पाहिली. बरीचशी बीजांडं तशीच राहिली. थोडी फळली, एकाची दोन, दोनाची चार अशी फुटत गेली आणि त्यांचे गर्भ झाले. ज्या आईला मातीत पुरलं होतं, तिची पोरं पेटीत वाढू लागली होती.

पण पेटी ही काही कूस नव्हे. तिथे आठवडाभर निभतं, पुढे आई लागते. त्यासाठी आम्ही होतो.

गर्भ जितक्या दिवसांचा, तितक्याच दिवसांची आईची कूस तयार असावी लागते, नाही तर तो रुजत नाही. म्हणून औषधं देऊन आम्हा सगळ्यांचे दिवस जुळवले होते. कोण माजावर आलीय ते कळायला एक एडका सोडला होता. त्याच्याकडून पोर होऊ नये अशी शस्त्रक्रिया केलेली, आणि छातीला रंगाची वडी बांधलेली. तो जिच्यावर चढेल तिची पाठ निळी. बिचाऱ्याला वाटायचं आपण मोठा पराक्रम करतोय.

माझा नंबर आला. आदल्या दिवशी उपाशी ठेवलं होतं. मला पाळण्यासारख्या चौकटीत उताणी ठेवली, डोकं खाली, पाय वर. मान झुकलेल्या त्या अवस्थेत मला थेंब्याचे बूट दिसत होते, तेवढेच. पोटाला बारीक भोक पाडून त्यांनी माझ्या कुशीत एक थेंब सोडला. त्या थेंबात वाळूच्या कणाहून लहान असं काहीतरी होतं. मला काहीच जाणवलं नाही. ताईने माझं तोंड सरळ केलं आणि कानाशी म्हणाली, "सांभाळ गं बाई."

सगळे गर्भ आमच्यात वाटून टाकले होते, मागे काही उरलं नव्हतं. मग तो रंगवाला एडका पुन्हा सोडला, या वेळी वडी लाल. आता जिची पाठ लाल होईल ती पुन्हा माजावर आली, म्हणजे तिच्यातला गर्भ गेला. रोज सकाळी सगळे कुंपणाशी येऊन आमच्या पाठी बघत. इतक्या शिकलेल्या माणसांनी इतक्या आशेने मेंढ्यांची ढुंगणं कधी न्याहाळली नसतील. एकेकीची पाठ लाल होत गेली. दर वेळी थेंब्या आत निघून जायचा. शेवटी पाठ लाल न झालेली मी एकटी राहिले.

मग ताईने माझ्या पोटाला यंत्र लावलं. पडद्यावर राखाडी ढगांत एक ठिपका लुकलुकत होता. "काळीज आहे ते," ताई म्हणाली. थेंब्या तिथेच गवतात बसला आणि ओक्साबोक्शी रडला. भाऊ म्हणून ठीक आहे, पण एवढ्या मोठ्या संशोधकाला शोभतं का असं? मी आपली कडबा खात राहिले. कुणीतरी शांत राहायला हवं होतं.

खाण तशी माती, असं तुम्ही म्हणता. इथे खाण दुसरीची होती आणि माती माझी. पण पोटात पोर हललं तेव्हा मला हा हिशेब सुचला नाही. ते हललं, मी थांबले, एवढंच. आधीची दोन हलली तेव्हाही मी अशीच थांबले होते.

मी व्याले ती दुपारची वेळ होती, उन्हाला तेज नव्हतं. पाणमोट फुटली. थेंब्याने ते पाणी बाटल्यांत धरून घेतलं. रानमेंढीच्या गर्भाभोवतीचं पाणी आजवर कुणाला मिळालं नव्हतं. दूरदूरच्या प्रयोगशाळा त्याची वाट पाहत होत्या, थेंब्याने त्यावर वर्षानुवर्षांच्या कामाचे बेत केले होते. मग कोकरू आलं. पाट होती, मादी. श्वास घेत नव्हती. ताईने नाकातोंडातला चिकटा काढला, पाय धरून तिला झोका दिला, छाती चोळली. एक शिंक आली आणि पोर ओरडली. अख्खं केंद्र ओरडलं तिच्याबरोबर.

मला रक्त जरा जास्त जात होतं, म्हणून ताई माझ्यापाशी अडकली. तेवढ्यात थेंब्याने पोरीला उचललं आणि आपल्या स्वच्छ खोलीत नेलं. मी हाका मारत राहिले. गवतावर थोडं पाणी सांडलं होतं, ते चाटत राहिले.

तो परत आला तेव्हा चेहरा उजळलेला. पांढऱ्या पंचात गुंडाळलेली पोर त्याने माझ्यापुढे ठेवली. "बघ काळतोंडे, कशी लख्ख झालीय तुझी लेक!"

मी हुंगलं. तिला वासच नव्हता.

हे तुम्हाला कसं समजावू? आमचे डोळे नावाला, खरी नजर नाकात असते. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी तुमच्यात म्हण आहे. आमच्यात ते ठरवायला नाक पुरतं. माझ्या अंगातून जे बाहेर आलं त्याला माझा वास होता. माझ्यापुढे जे उभं होतं त्याला कुणाचाच नव्हता. ते थरथरत माझ्या कासेकडे आलं. मी त्याला डोक्याने उडवलं. ते पडलं, उठलं, परत आलं. मी परत उडवलं, या वेळी जोरात.

ताईने पोरीला झपकन उचलून छातीशी धरलं. "अरे, तिला धुतलंस की काय तू?"

"हो, कोमट पाण्याने. साबण वगैरे काही नाही ताई, तीनदा नुसतं..." थेंब्या बोलता बोलता थांबला. "बीजांडं पण आपण धुतोच ना," हे त्याने अगदी हळू म्हटलं. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं. आठवडाभर थेंबाथेंबाने धुऊन ज्या जिवाला त्याने जगवलं होतं, त्याला त्याने त्याच मायेने पुन्हा धुतलं होतं.

"मी बाटलीने वाढवतो तिला. रात्रंदिवस इथे बसतो," तो म्हणाला.

"वाढेल रे बाटलीवर. पण मग ती माणसांमागे धावेल. वर कड्यावर कुणाच्या मागे जाईल?" ताई म्हणाली. "व्यालेल्या मेंढीचं मन थोडा वेळच उघडं असतं. ते मिटलं तर काळतोंडी पुन्हा हिला घेणार नाही. आणि ही पोर हातची गेली तर संपलंच, थेंब्या. दुसरी कुठून आणायची?"

मी तोवर पुन्हा गवताकडे वळले होते. ओली जागा वाळत चालली होती. मी ती चाटत होते आणि हाका मारत होते. ताई माझ्याकडे बघत राहिली.

"ती पोरीलाच शोधतेय," ती म्हणाली. "त्या पाण्यात शोधतेय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ताईने बाटल्या मागितल्या नाहीत. भावाच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, तो तरी कसा? थेंब्याच धावत आत गेला. बाटल्या आणल्या, कोमट पाण्यात धरून ऊन केल्या आणि एकेक उघडून पोरीच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीखाली ओतत गेला. ज्याने आयुष्यभर थेंब थेंब राखला, त्याने तळाशी राहिलेलंही बोटाने निपटून तिच्या कपाळाला लावलं. मग रिकाम्या बाटल्या मांडीवर घेऊन तो बाजूला बसला.

वारा माझ्याकडे येत होता. मी मान वर केली.

ती तिथे होती. माझी पोर! इतका वेळ कुठे गेली होती कोण जाणे. मी तिच्याकडे धावले, तिला चाटलं, कान, डोळे, पाठ, सगळं. आई झालेल्या मेंढीच्या घशातून खोल गुरगुर निघते, ती आपोआप निघाली. पोर उभी राहिली आणि धडपडत उजवीकडून कासेला भिडायला आली. मी पाय आडवा घातला. थेंब्याला वाटलं मी परत मारतेय. मी तिला नाकाने शेपटीपाशी ढकललं, मागून फिरवलं आणि डावीकडे आणलं. तिला सड सापडला. शेपटी हलायला लागली.

तिला सगळे थेंबी म्हणू लागले. ती माझ्यासारखी जराही नव्हती. दोन महिन्यांत माझ्या पाठीवर, मग गव्हाणीवर, मग छपरावर. बघायला येणारे म्हणायचे, "ही आई? शोभत नाही हो." शोभायचं कशाला, दूध प्यायची होती ती माझं!

ती मोठी झाली तसं कड्याकडचं फाटक उघडं ठेवू लागले. थेंबी दिवसभर वर चढायची. तिथे एडके तिची वाट बघत असायचे. पण संध्याकाळी मी हाक मारली की दगडांवरून उड्या मारत खाली यायची, आणि मला ते फार बरं वाटायचं.

एकदा दोघं बहीणभाऊ कुंपणाशी उभे होते. ताई म्हणाली, "काळतोंडीला इथून हलवावं लागेल रे. हिच्या हाकेनं ती खाली येते. अशानं ती वरची होणारच नाही."

"मग कधी हलवायचं?"

ताई माझ्याजवळ आली. माझ्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. तिला ते जमणार नाही हे मला तिच्या हातावरून कळलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी हाक मारली नाही. तोंडात गवत धरून ठेवलं, चावलंही नाही. वरून थेंबीने साद घातली. मी खाली बघत राहिले. ती पुन्हा ओरडली, मग आणखी एकदा. माझं अंग तिकडे ओढ घेत होतं, पण मी तोंड उघडलं नाही. अंधार पडता पडता तिचा आवाज वर वर गेला. ती त्या रात्री आली नाही, आणि नंतरही कधी आत आली नाही. त्या रात्रीसारखं दुःख मला कातरीनेही दिलं नव्हतं.

एका मेंढीने कळप होत नाही, असं पाहुणे ताईला ऐकवायचे. थेंब्या तिथल्या तिथे म्हणायचा, "खरं आहे. पण एकही नसली तर काय होतं, ते आम्ही बघितलंय."

कुंपणाच्या पलीकडे ताईने मिठाचा एक मोठा दगड ठेवला होता. रानमेंढरांना मिठाची ओढ असते. एडके यायचे, चाटून जायचे. या वसंतात एका सकाळी थेंबी आली. भरदार झाली होती, शिंगं फुटली होती. मागे एक कोकरू होतं, पायांवर अजून नीट न ठरलेलं.

ताई आणि थेंब्या माझ्याजवळच होते. कुणी हललं नाही.

थेंबी मीठ चाटू लागली. कोकरू भुकेजलं आणि उजवीकडून कासेला भिडायला गेलं. थेंबीने पाय आडवा घातला. नाकाने त्याला शेपटीपाशी ढकललं, मागून फिरवलं आणि डावीकडे आणलं.

"हिच्या उजव्या बाजूला काही लागलंय का रे?" ताईने काळजीने विचारलं.

थेंब्याने दुर्बीण लावली. बराच वेळ बघत राहिला. "नाही ताई. दोन्ही सड धडधाकट आहेत."

मग दोघंही वळून माझ्याकडे बघू लागले. थेंब्याने दुर्बीण खाली घेतली. "ताई," तो म्हणाला, "हे मी कुठल्याच थेंबात घातलं नव्हतं."

थेंबीने एकदा वारा हुंगला. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. मी हाक मारली नाही, तिला वर परत जायचं होतं. मीठ चाटून झाल्यावर ती पोराला घेऊन कड्यावर चढली आणि दगडांत दिसेनाशी झाली.

माझं आता फार उरलेलं नाही. मागणं एकच आहे, ते मोठं नाही. तो मिठाचा दगड संपू देऊ नका. थेंबीचं कोकरू पाट आहे. कधीतरी तीही आपलं पोर घेऊन खाली येईल. तेव्हा मी नसेन, पण तुमच्यापैकी कुणीतरी कुंपणाशी उभं राहा आणि बघा, ते कुठल्या बाजूने पितं.